गव्हाचे कवच, भाताची शिदोरी

बालाघाटच्या बहुतेक घरांत सकाळी आधी चढतो तो भाताचा गंज. तवा नंतर, आणि काही घरांत दुपारपर्यंत चढतही नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा जिल्हा मध्य प्रदेशाचे धानाचे कोठार आहे. वारासिवनी, लालबर्रा, खैरलांजी, किरनापूर, लांजी या सखल भागात बांध्यांना लागून बांध्या आहेत. घाट चढून बैहर, परसवाडा, बिरसा गाठले की साल आणि बांबूचे जंगल लागते, आणि उतारांवर कोदो-कुटकी.

इंग्रजांनी १८६७ मध्ये मंडला, शिवनी आणि भंडारा जिल्ह्यांचे भाग जोडून हा जिल्हा घडवला. पुढे तो नागपूर विभागात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सीमा आखली गेली, पण सोयरिकी, बाजार आणि गोंदियाची गाडी तशीच चालू राहिली. म्हणून इथल्या ताटात भंडारा-गोंदियाची झाडीपट्टी, जबलपूरकडचा महाकोशल आणि पूर्वेचा छत्तीसगड असे तिन्ही मुलूख आहेत. घरात पोवारी, मराठी, हिंदी किंवा गोंडी, काहीही बोलत असोत, भाताचे प्रमाण फारसे बदलत नाही.

हे रोजचे खाणे समजून घ्यायला मला एक प्रश्न फार उपयोगी वाटतो. इथले लोक अन्न कशात बंद करतात? युरोपातल्या घरांत मांस किंवा भाजी कणकेच्या कवचात भरून भट्टीत भाजतात, तो ‘पाय’ (pie). आपल्याकडे कचोरी आहे, समोसा आहे. ही सारी गव्हाच्या मुलखातली युक्ती आहे. भाताच्या मुलखाला ती सहजी साधत नाही, आणि का साधत नाही याचे उत्तर पिठात आहे.

गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन नावाची प्रथिने असतात. पीठ पाणी घालून मळले की ती एकमेकांत गुंततात आणि ताणली जाणारी जाळी तयार होते. तिलाच ग्लुटेन म्हणतात. या जाळीमुळे कणीक पातळ लाटता येते, सारणावर दुमडता येते, कडा दाबल्या की सांधा धरतो. तांदळातही प्रथिने आहेत, पण ती अशी जाळी करत नाहीत. तांदळाचे पीठ गार पाण्यात भिजवून लाटायला घेतले की पारी चिरते. त्यावर उपाय एकच, उकळते पाणी. त्यात पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पारी हाताने वळवता येईल इतपत लवचीक होते. कोकणातला उकडीचा मोदक याच गुणावर उभा आहे. गंमत अशी की इंग्लंडमध्ये मेल्टन मोब्रे गावच्या प्रसिद्ध पोर्क पायचे कवचही उकळते पाणी आणि चरबी घालूनच मळतात. तिथेही स्टार्च फुगतो, कणीक घट्ट होते आणि पायची भिंत साच्याशिवाय उभी राहते. मात्र तिथे भट्टी आहे. बालाघाटच्या घरात चूल होती, आर होता, गंज होता, कढई होती. कोरड्या उष्णतेची बंद भट्टी नव्हती. गहू कमी आणि भट्टी नाही, मग कणकेचे कवच रोजच्या जेवणात येणार कुठून?

हा फरक सर्वांत ठळक दिसतो तो खाणीत. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथल्या कथील आणि तांब्याच्या खाणींतले कामगार दुपारचे जेवण म्हणून पेस्टी नेत: अर्धगोलात दुमडलेली गव्हाची पारी, आत मांस, बटाटा, कांदा आणि सलगमसारखा एक कंद. भांडे लागत नाही, चमचा लागत नाही. एकोणिसाव्या शतकात हे कामगार जगभरच्या खाणींत गेले. मेक्सिकोतल्या हिदाल्गो प्रांतात त्यांची पेस्टी आजही ‘पास्ते’ नावाने विकली जाते. आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीतही ते आले होते. २०११ मध्ये कॉर्निश पेस्टीला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले.

बालाघाटही खाणींचा जिल्हा आहे. शहराला लागून भरवेलीची मँगनीज खाण आहे. ती चालवणारी मॉईल कंपनी १९६२ ची, पण तिचे मूळ १८९६ च्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपर्यंत जाते. बिरसा तालुक्यात मलाजखंडची तांब्याची खाण आहे, हिंदुस्तान कॉपरने १९८२ मध्ये सुरू केलेली. काम तेच, खाणीतले. पण इथल्या शिदोरीत पेस्टीसारखे काही घडले नाही. इथे गेला तो डबा: भात, वरण किंवा घट्ट भाजी, मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी, एखादा कांदा. ज्या अन्नाला स्वतःचे कवच करता येत नाही त्याला बाहेरून कवच लागते, आणि स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा हे भाताच्या मुलखाचे कवच आहे.

भाताचा डबा भरताना एक गोष्ट कळती बाई नेहमी करते, ती म्हणजे भात परातीत मोकळा करून वाफ जाऊ देते. वाफाळता भात डब्यात कोंबला की वाफ झाकणाला लागून पाणी होते, ते परत भातावर पडते, आणि दुपारी वरचा थर चिकट, खालचा गोळा. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. तांदळाबरोबर बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू येतात. ते भात शिजतानाच्या उष्णतेतही तगतात आणि भात कोमट राहिला की वाढू लागतात. त्यांच्या काही जाती एक विष तयार करतात आणि ते नंतर भात परतला, फोडणीला टाकला तरी नष्ट होत नाही. म्हणून उरलेला भात फोडणीला घालायचा असेल तर तो आदल्या रात्री लवकर पसरून गार केलेला आणि थंड जागी ठेवलेला हवा. उन्हाळ्यात दिवसभर ओट्यावर राहिलेला भात वासावरून चांगला वाटला तरी खाऊ नये.

मग बासीचे काय? रात्रीचा भात पाण्यात बुडवून ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची, असलेच तर ताक घालून खायचा, ही जेवणाची जुनी रीत धानाच्या साऱ्या पट्ट्यात आहे. शेजारच्या छत्तीसगडात ती बोरे-बासी म्हणून अभिमानाने मिरवते. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने १ मे रोजी, कामगार दिनी, सर्वांनी बोरे-बासी खावी असे आवाहन केले होते. भात पाण्याखाली गेला की त्यात दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागतात आणि पाणी हळूहळू आंबट होते. हा आंबटपणा बऱ्याच घातक जिवाणूंना मानवत नाही. त्यातच गार झालेल्या भातातल्या स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट रचला जातो आणि लहान आतड्यात सहजी पचत नाही. तो पुढे जाऊन मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचे खाद्य होतो. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करणाऱ्या माणसाला सकाळी पाणी, मीठ आणि भात एकाच वाडग्यात मिळतात, हे या न्याहारीचे मोठेपण आहे. घाटावर गोंड आणि बैगा घरांत हीच जागा कोदो-कुटकीची पेज घेते. भांडे स्वच्छ हवे, पाणी पिण्याचे हवे आणि एका रात्रीपेक्षा जास्त ठेवू नये, एवढी पथ्ये मात्र पाळायलाच हवीत.

तांदळालाही कामे वाटून दिलेली आहेत. बासीला आणि पेजेला जाड तांदूळ. पाहुण्याला आणि खिरीला चिन्नोर. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सीमेपलीकडच्या भंडारा चिन्नोरचे मानांकन वेगळे आहे. दोन राज्यांच्या नोंदी दोन, पण खोरे एकच. या तांदळाच्या वासामागे मुख्यतः २-असिटिल-१-पायरोलिन नावाचा पदार्थ आहे, बासमतीत असतो तोच. साध्या भातात एक विशिष्ट जनुक या पदार्थाच्या कच्च्या मालाची वाट दुसरीकडे वळवते. सुगंधी जातींत ते जनुक बिघडलेले असते, म्हणून वास साठतो. एका बिघाडाची ही देणगी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून जपली. चिन्नोरचे रोप उंच वाढते, वाऱ्याने लोळते, उशिरा पिकते आणि उतारा कमी देते. संकरित धानाच्या काळात शेतकऱ्यांनी तो कमी केला त्यात त्यांचा दोष नाही. भाव मिळाला तरच तो टिकेल, आणि मानांकनाचा खरा उपयोग तिथेच व्हायला हवा. हा वास उडून जाणारा असल्याने जुन्या तांदळात तो उणावतो. नवा चिन्नोर म्हणून थोडा थोडा आणावा, डबा घट्ट लावावा.

धान कापण्याआधीच ओल्या बांधीत लाखोरीच्या डाळीचे बी फेकतात. या रीतीला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, वेगळे पाणी नाही, धान कापले की खाली लाखोरी उगवलेली असते. धानाच्या शेतातूनच डाळ आणि डाळीचे पीठ मिळते, आणि पीठ मिळाले की वडे, भजी, पातोड्या आल्या. पण या डाळीची कथा गंभीर आहे. इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमनने १८४४ च्या पुस्तकात सागरकडची हकिकत लिहिली आहे: १८२९ पासून लागोपाठ तीन वर्षे गारपीट, अवर्षण आणि तांबेऱ्याने गहू गेला, तग धरून राहिली ती फक्त ही डाळ, लोक तिच्यावरच जगले आणि १८३३ पासून तरुण माणसांचे कमरेखालचे अंग लुळे पडू लागले. दोष तिच्यातल्या ओडॅप नावाच्या घटकाचा. तो मज्जापेशींना इजा करतो. १९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदीचा नियम आला, तरी पिकवणे आणि घरी खाणे थांबले नाही. डाळ भरपूर पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी टाकले की ओडॅप बराच कमी होतो, आणि मिश्र आहारात अधूनमधून खाल्लेल्या वाटीभर डाळीने हा रोग होत नाही. तो होतो महिनोन्‌महिने दुसरे काहीच न मिळाल्यावर. ‘रतन’, ‘महातिवडा’ अशा कमी ओडॅपच्या जातीही आल्या आहेत. मला यात दिसते ते असे: लाखोरीने माणसे पांगळी झाली ती भुकेच्या काळात, म्हणजे ताटातले बाकी सगळे नाहीसे झाल्यावर.

आता कवचाकडे परत येऊ, कारण बालाघाटला कवचाचा पदार्थ नाहीच असे नाही. आहे, आणि तो फार देखणा आहे. सांबारवडी. काही घरांत तिला पुडाची वडी म्हणतात. हिवाळ्यात बाजारात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांचे ढीग लागतात आणि भाव उतरतो, तेव्हाच ही करायची. उन्हाळ्यात केलेली सांबारवडी महाग पडते आणि तितकी लागतही नाही.

पारीला बेसन घेतात, पण नुसते बेसन लाटता येत नाही. हरभऱ्याच्या पिठात ग्लुटेन नाही. म्हणून त्यात मैदा किंवा कणीक मिसळतात आणि कडकडीत तेलाचे मोहन घालतात. गहू पारीला धरून ठेवतो, बेसन चव आणि खुसखुशीतपणा देते, मोहन ग्लुटेनचे धागे लांब होऊ देत नाही. इंग्रजी पायच्या कणकेत लोणी चोळतात ते याच कारणासाठी. या तिन्हींचे प्रमाण ज्या हाताला जमले त्या हाताची वडी ओळखू येते. गहू जास्त झाला की वडी वातड, बेसन जास्त झाले की तळताना फुटते.

सारणात बारीक चिरलेला सांबार, भाजलेली खसखस, सुके खोबरे, आले-मिरची आणि चारोळी. ही चारोळी सातपुड्याच्या जंगलातली, चाराच्या झाडाची. बैहर भागात ती वेचून, फोडून विकणे हा आदिवासी घरांचा उन्हाळ्यातला उद्योग आहे. एवढ्याशा वडीत जंगल आणि बागाईत असे दोन्ही येते. सारण करताना सगळी लढाई पाण्याशी असते. सांबार धुऊन पूर्ण कोरडा हवा, चिरून कापडावर पसरलेला, मग कढईत नुसता परतलेला. मीठ अगदी शेवटी, भरायच्या क्षणी, कारण मीठ पानांतले पाणी ओढून बाहेर आणते आणि ते पाणी पारीत मुरते. खसखस आणि खोबरे ही चवीसाठी आहेतच, पण उरलीसुरली ओल आणि तेल तीच शोषून घेतात. पारीला आतून चिंचेचा कोळ आणि मसाला माखायचा तोही पातळ थर, ओला लेप नव्हे. मग सारण ठेवून पारी लिफाफ्यासारखी दुमडायची, कडा पाण्याच्या बोटाने बंद करायच्या आणि मध्यम आचेवर तळायची. मोठ्या आचेवर वरचा रंग लगेच येतो, पण थरांमध्ये गेलेली पारी कच्ची राहते. सोबत ताकाची कढी. माझ्या मते सांबारवडीला सॉस लावणे हा तिच्यावर अन्याय आहे.

ही रोज होत नाही, होऊही शकत नाही. तिघींचे हात आणि अर्धा दिवस लागतो. मोठी जाऊ पारी लाटते, धाकटी भरते, सासूबाई कढईशी बसतात, आणि कुणीतरी म्हणते, “वहिनी, थोडं मीठ पाहा बरं.” कवचाचा पदार्थ इथे असा माणसे जमण्याचा पदार्थ आहे.

रोजचे आवरण म्हणजे पान. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांना बेसनाचे वाटण लावून, गुंडाळून, उकडून केलेल्या पातोड्या पावसाळ्यात घरोघरी होतात. धोप्याच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि तेच घशाला टोचतात. म्हणून वाटणात चिंच सढळ हवी आणि उकड पुरती हवी. घाईत काढलेली पातोडी खाज आणते. पळसाच्या पानात पीठ थापून आरावर भाजलेले पानगे हा तर भट्टीचाच दुसरा मार्ग आहे. पान करपते, पण आतली ओल वाफ होऊन कोंडली जाते आणि पीठ वाळण्याआधी शिजते.

गव्हाचे आणखी एक खाणे मित्रमंडळींच्या नावावर जमा आहे. हिवाळ्यात वैनगंगेच्या काठी किंवा एखाद्या तलावाच्या पाळीवर जाऊन गोवऱ्या पेटवायच्या आणि त्यात कणकेचे गाकर भाजायचे. महाकोशलात त्याला गक्कड-भर्ता म्हणतात. वांगी, टमाटर आणि लसूण त्याच आरात भाजतात, मीठ-मिरची-सांबार घालून हाताने कुस्करतात. गाकर बाहेरून कडक झाले तरी आत शिजायला वेळ लागतो, म्हणून ज्वाळा विझल्यावरच ते आरात ठेवायचे. राख झटकून तुपात बुडवायचे. रोज भात खाणारी माणसे चार मित्र जमले की गव्हाकडे वळतात, हे मला या जिल्ह्याच्या खाण्यातले सर्वांत बोलके वाटते.

शहरात हा वेळ कुणाला रोज मिळत नाही. कचेरीत, बँकेत, शाळेत दुपारी डबे उघडतात तेव्हा एकाच्या भाताला दुसऱ्याची भाजी मिळते आणि कुणीतरी बाहेरून पार्सल मागवते: आलूबोंडे, समोसे, कचोरी, मुंगवडे. सकाळच्या पोह्यांवर चण्याची तर्री ही नागपूरकडची रीत आणि शेजारी जिलेबी ही महाकोशल-माळव्याकडची. पार्सलमधले जवळजवळ सगळे कवच गव्हाचे किंवा बेसनाचे असते, हे उघड आहे. तेच प्रवासाला टिकते आणि हातात धरून खाता येते.

पण या पार्सलभोवतीचे आवरण बदलायला हवे. छापील कागदाची शाई गरम तेलात उतरते. तिच्यातले काही घटक शरीराला अपायकारक आहेत, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन नियमांत खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई आहे. प्लास्टिकच्या पिशवीत गरम समोसा बांधला तर वाफ कोंडून पारी दहा मिनिटांत मऊ पडते. या जिल्ह्याच्या जंगलात पळस आणि माहूलची पाने मुबलक आहेत. त्यांचे द्रोण-पत्रावळी करणारे हात अजून आहेत, आणि पान टाचलेले असल्याने वाफेला फटी मिळतात. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या थाळ्या-पेल्यांवर बंदी आल्यावर या द्रोणांना पुन्हा गिऱ्हाईक मिळायला हवे होते. ते पुरेसे मिळालेले दिसत नाही. दुकानदाराने मागावे आणि आपण गिऱ्हाइकांनी आग्रह धरावा, इतके हे सोपे आहे.

मैत्रिणींच्या डबापार्टीला सांबारवडी न्यायची असेल तर तळल्यावर ती जाळीवर उभी करून पूर्ण गार होऊ द्यावी, मग पानात सैल गुंडाळून डब्यात ठेवावी आणि झाकण घट्ट लावू नये. कढी वेगळ्या बाटलीत न्यावी. भात तिथे कुणाच्या तरी डब्यात असतोच.